कुएवास यांची रेखाटने म्हणजे वेडाचा पुरावा नव्हे

मेक्सिकन चित्रकार होसे लुईस कुएवास यांच्या, शाई आणि जलरंग अशा मिश्र माध्यमातील एका मनुष्याकृतीचे छायाचित्र सध्या समाजमाध्यमांवर फिरते आहे. सुजलेला चेहरा, शाईत विरघळत गेलेले खांदे, आणि खाली ठामपणे लिहिलेले चार दावे: चित्रकार वेड्यांच्या इस्पितळात होता, त्याला शरीररचना येत नव्हती, चुका झाकण्यासाठी त्याने रंग फासले, आणि या चित्राचा मेक्सिकोशी काही संबंध नाही. चित्रकला शिकणाऱ्या माझ्या भाचीला घरच्याच वडीलधाऱ्यांनी हा मजकूर पाठवून ‘असली चित्रे काढणे बंद कर’ असे बजावले, तेव्हा गप्प बसणे शक्य नव्हते.

पहिला दावा सर्वांत घातक आहे, कारण त्यात अर्धे सत्य आहे. कुएवास तरुणपणी मेक्सिको सिटीतील ‘ला कास्तान्येदा’ या मनोरुग्णालयात जात असत, हे खरे. परंतु ते रुग्ण म्हणून नव्हे. तेथे काम करणाऱ्या भावामुळे त्यांना प्रवेश मिळाला आणि १९१० मध्ये उघडलेल्या त्या अवाढव्य संस्थेत, जगाने नजरेआड केलेल्या माणसांसमोर बसून ते चित्रे काढत राहिले. रुग्णाचे चित्र काढणाऱ्यालाच रुग्ण ठरवायचे, तर शवविच्छेदन पाहून शरीर अभ्यासणाऱ्या प्रत्येक चित्रकाराला मृत म्हणावे लागेल. आणि समजा, ते खरोखरच आजारी असते, तरी त्याने चित्राची किंमत कशी कमी होते? आजाराचा शिवीसारखा वापर करणारा हा मजकूर त्या रुग्णांचा आणि घरोघरी असे आजार निमूटपणे सोसणाऱ्यांचा अपमान करतो.

शरीररचनेबद्दल एवढेच पुरे: ब्राझीलमधील साओ पाउलो येथील १९५९ च्या द्वैवार्षिक प्रदर्शनात रेखाटनासाठीचे आंतरराष्ट्रीय पारितोषिक कुएवास यांना मिळाले होते. ज्याला हात काढता येत नाही त्याचा हात फसतो. कुएवास यांनी काढलेला हात जिथे फुगतो तिथेही मनगटाचा सांधा नेमक्या जागी असतो.

रंगाने चुका झाकल्या, असे म्हणणाऱ्याने टाकाची रेघ एकदा ओढून पाहावी. कागदात मुरलेली शाई खोडता येत नाही. रेघ ओली असताना पाण्याचा कुंचला फिरवला तर ती पसरते, डागाच्या कडेला गडद किनार धरते, आणि वरून दिलेल्या पातळ जलरंगातूनही मूळ रेघ दिसतच राहते. या माध्यमात लपायला जागाच नसते.

मेक्सिकोशी संबंध नसल्याच्या आरोपात थोडे तथ्य आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. कुएवास यांच्यावर गोया या स्पॅनिश चित्रकाराची छाप होती, आणि ‘निवडुंगाचा पडदा’ या लेखात त्यांनी मेक्सिकोतील भित्तिचित्रांच्या राष्ट्रवादी परंपरेवर कडाडून टीका केली. पण तो लेख मेक्सिकोतच, मेक्सिकन कलाजगताला उद्देशून लिहिलेला होता, आणि ओरोस्को या मेक्सिकन भित्तिचित्रकाराचे ऋणही त्यांच्या रेषेत स्पष्ट दिसते. मेक्सिको सिटीच्या जुन्या भागातील सान्ता इनेस मठाच्या वास्तूत १९९२ पासून त्यांच्याच नावाचे संग्रहालय उभे आहे.