देव समोर उभा आहे, तरी मानत नाही

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा टेबलाभोवती बसून, फासे टाकत, गोष्ट रचत खेळायचा खेळ. तो खेळणाऱ्यांच्या ग्रुपांत एक मत सारखं फॉरवर्ड होतं: ज्या जगात देव खरेच आहेत तिथं नास्तिक कॅरेक्टर म्हणजे वेडेपणा, पुरावा रोज डोळ्यांसमोर असतो, क्लेरिकला (पुजारी कॅरेक्टरला) तर देव लागतोच, म्हणून डीएमनं (खेळ चालवणाऱ्यानं) असली कॅरेक्टरं घेऊच नयेत. नागपूरच्या टेबलावर हेच असं ऐकू येतं: "काऊन बे, देव समोर उभा आहे अन् तू मानत नाही?"

उत्तर सोपं आहे. "आहे ना. राहू दे उभा. मी हात नाही जोडत."

मराठीत असणं वेगळं, मानणं वेगळं. १४ ऑक्टोबर १९५६ ला याच शहरात, दीक्षाभूमीवर, डॉ. आंबेडकरांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी पहिलीत हेच शब्द आहेत: ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव मानणार नाही, त्यांची उपासना करणार नाही. (तिची खेळाशी बरोबरी नाही; भाषेपुरतं घ्या.) खेळातही हे नवीन नाही. या खेळाच्या १९९४ च्या प्लेनस्केप नावाच्या जगातला अथार पंथ म्हणतो की हे देव बलाढ्य आहेत, पण देव म्हणवून घ्यायची त्यांची लायकी नाही. पाथफाइंडर या तशाच दुसऱ्या खेळाच्या गोलारियन जगात तर राहादूम हा अख्खा देश देवपूजेवर बंदी घालून बसलाय.

"पुरावा रोज दिसतो." कुणाला? २०१४ च्या नियमांत बघा. क्युअर वूंड्स या स्पेलमुळे (मंत्रामुळे) १डी८ (आठ बाजूंच्या एका फाशाचा आकडा) अधिक मॉडिफायर (कॅरेक्टरच्या गुणावरून मिळणारी भर) एवढी जखम भरते. क्लेरिकनं केलं तरी तेवढीच, गाणं म्हणणाऱ्या बार्डनं केलं तरी तेवढीच. गावकऱ्यानं फरक कसा ओळखायचा? देवाशी थेट बोलायचा कम्यून स्पेल क्लेरिकला नवव्या लेव्हलला मिळतो. त्यात प्रश्न तीन, उत्तरं हो किंवा नाही, आणि देव सर्वज्ञ असतीलच असं नाही म्हणून "स्पष्ट नाही" हेही उत्तर येऊ शकतं, असं नियमातच लिहिलंय. लाँग रेस्टच्या (रात्रभराच्या विश्रांतीच्या) आधी पुन्हा विचारलं तर उत्तरच न येण्याची शक्यता दर वेळी २५ टक्क्यांनी वाढते. दहाव्या लेव्हलला डिव्हाइन इंटरव्हेन्शन (देवाला थेट मदतीला बोलावणं) मिळतं, तेही शंभरात दहा वेळाच लागतं. एवढ्यावर शंका घेणाऱ्याला वेडा कसं म्हणायचं?

आणखी एक गंमत. रिलिजन (धर्माची माहिती) हे स्किल इंटेलिजन्सवर चालतं. पाचव्या लेव्हलचा, १८ इंटेलिजन्सचा, रिलिजन शिकलेला नास्तिक विझर्ड (जादूगार) +७ नं फासा टाकतो. १० इंटेलिजन्सचा भाविक क्लेरिक ते शिकलेला असूनही +३ नं.

"क्लेरिकला देव लागतोच." डार्क सन (१९९१) या खेळाच्या आणखी एका जगात देवच नाहीत, तिथले क्लेरिक पंचमहाभूतांसारख्या तत्त्वांतून ताकद घेतात. एबेरॉन या जगात देव कधी समोर येत नाहीत, तरी क्लेरिकचे स्पेल चालतात. आपल्याला तर हे नवल वाटायलाच नको. मीमांसा दर्शन वेद प्रमाण मानतं, पण यज्ञाचं फळ मिळायला मध्ये ईश्वर लागतो असं मानत नाही.

एक अपवाद मात्र खराच. फरगॉटन रेल्म्स या खेळाच्या जगाच्या जुन्या वर्णनांत कुठल्याच देवाला न मानणाऱ्याचा आत्मा मेल्यावर भिंतीत चिणला जातो. तिथं कॅम्पेन (बरेच दिवस चालणारा खेळ) असेल तर डीएमनं हे पहिल्याच बैठकीत सांगावं. आमच्या मते नास्तिकपणा खेळायला सगळ्यात रंगत याच जगात येते, कारण तिथं त्याची किंमत मोजावी लागते.

बंदीच्या मागणीमागची तक्रार मात्र खोटी नाही. दर देवळात भाषण ठोकणारा आणि क्लेरिकचा हात झटकणारा खेळाडू सेशन अडकवतो. त्यावर इलाज म्हणून कॅरेक्टर शीटवर तीन ओळी लिहून घ्या. काय नाकारतो: देव आहेत हे, ते देव आहेत हे, की फक्त पूजा? क्लेरिकनं बरं केलं तर काय म्हणतो? ("थँक्यू, तुला. त्याला नाही," एवढं पुरतं.) आणि मेल्यावर परत यायला तयार आहे का?

तिसरी ओळ हमखास राहून जाते. मेलेल्याला उठवणाऱ्या रेझ डेड या स्पेलला ५०० गोल्डचा हिरा आणि एक तास लागतो, मरून दहा दिवसांच्या आत करावा लागतो, आणि आत्मा राजी असेल तरच चालतो. पार्टीनं (सोबतच्या खेळाडूंनी) हिरा जमवून आणायचा आणि खेळाडूनं तेव्हा सांगायचं की माझं कॅरेक्टर देवाच्या हातून परत येणार नाही, यावर टेबलं मोडतात. तेव्हा हिरा विकत घ्यायच्या आधी विचारा.