दुसऱ्यासाठी प्रार्थना फक्त पाळकांनीच करायची का? एक खुलासा

सध्या एक संदेश फिरतो आहे: आजाऱ्यासाठी प्रार्थना चर्चच्या पाळकांनीच करावी, साध्या विश्वासणाऱ्याची मध्यस्थी देव ऐकत नाही. आधार दिलाय बायबलमधल्या याकोबाच्या पत्रातल्या ५:१४ या वचनाचा. हे बरोबर नाही.

त्या वचनात आजाऱ्याला मंडळीच्या वडिलांना, म्हणजे चर्चच्या पुढाऱ्यांना, बोलवायला सांगितलंय, हे खरं. पण दोनच वचनं पुढे, ५:१६ मध्ये, ‘एकमेकांसाठी प्रार्थना करा’ अशी आज्ञा सगळ्यांनाच आहे. लगेच उदाहरण येतं एलीया संदेष्ट्याचं, आणि तोही आपल्यासारख्याच स्वभावाचा माणूस होता असं याकोब मुद्दाम सांगतो. संदेशात हे पुढचं सोडून १४ व्या वचनावरच का थांबले, कळत नाही.

पौलाचंच बघा. हा प्रेषित बेड्यांत असताना इफिसच्या विश्वासणाऱ्यांना विनवतो, की मला धैर्याने बोलता यावं म्हणून माझ्यासाठी प्रार्थना करा (इफिस ६:१९-२०). तो फक्त पुढाऱ्यांकडे मागत नाही.

मध्यस्थ एकच, ख्रिस्त (१ तीमथ्य २:५). त्याच्याच नावाने आपण दुसऱ्याचं नाव देवापुढे नेतो. हा मान त्याने सगळ्यांना दिलाय. म्हणून आजाऱ्याच्या उशाशी बसलेल्या, शब्द न सुचणाऱ्या आईला कृपा करून गप्प करू नका. पाळकांना जरूर बोलवा. ते येईपर्यंत तिला प्रार्थना करू द्या, आणि ते आल्यावरही.