खुलासा : पहिल्या खेपेचं बीपी दुसऱ्या वेळी सांगायचंच

घणसोली-ऐरोलीकडच्या महिलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय : "पहिल्या गरोदरपणातलं बीपी बाळंत झाल्यावर जातं. दुसऱ्या वेळी नाव घालताना सांगू नका, नाहीतर थेट सिझर करतात." हे चूक आहे. यात जीवावर बेतू शकतं, म्हणून कळकळीने लिहितेय.

बीपी बहुतेकींचं उतरतं, हे खरं. पण प्रीएक्लॅम्प्सिया, म्हणजे बीपी वाढून लघवीतून प्रथिनं जाणं वगैरे, झालेल्या साधारण ६ जणींपैकी एकीला तो पुढच्या वेळी परत होतो. २८ ते ३४ आठवड्यांतच बाळंतपण करावं लागलं असेल, तर ३ पैकी एकीला. आधी सांगितलं तर डॉक्टर १२ आठवड्यांनंतर लवकरच कमी डोसची ॲस्पिरिन सुरू करू शकतात. उशीर झाला की तिचा उपयोग घटतो. (मनाने मात्र घेऊ नका.) आणि नुसत्या जुन्या बीपीवरून कोणी सिझर ठरवत नाही.

ओळखीतल्या एका ताईंना "पाय सुजले होते" एवढंच आठवत होतं. पिशवीतल्या चुरगळलेल्या डिस्चार्ज कार्डावर १६०/११० लिहिलेलं निघालं. तेव्हा जुनी फाइल सोबत न्याच. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी मोफत असते.

डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे अंधुक दिसलं, बरगडीखाली दुखलं किंवा चेहरा अचानक सुजला, तर तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठा.