‘ह्यूस्टनकर’ यांना उत्तर : गिअरबॉक्स बदलायचा की क्राउन-पिनियन?

नमस्कार ह्यूस्टनकर,

तुमची प्रतिक्रिया मनापासून लिहिलेली आहे आणि तिच्यातले मुद्दे माझ्याकडे वारंवार येतात, म्हणून खाली दोन ओळी न खरडता सविस्तर उत्तर देतोय.

मूळ लेख ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. डेन्व्हरजवळ राहणाऱ्या एका वाचकाकडे २०१० ची चार दारी जीप रँग्लर रुबिकॉन आहे. ३.८ लिटरचं इंजिन, चार गिअरचा ऑटोमॅटिक, ॲक्सल रेशो ४.१० (म्हणजे चाकाच्या एका फेरीला प्रोपेलर शाफ्टच्या ४.१० फेऱ्या). त्यांनी ३५ इंची टायर घातले आणि गाडी ओढेनाशी झाली. मी सल्ला दिला की गिअरबॉक्सला हात लावू नका, दोन्ही ॲक्सलमध्ये ५.१३ चं क्राउन-पिनियन (हा रेशो ठरवणारी दातेरी चाकांची जोडी) बसवा. त्यावर तुमचं म्हणणं असं : ५.१३ हा अतिरेक आहे, हायवेला इंजिन बोंबलेल आणि पेट्रोल पिईल. तुमच्या २००९ च्या मॅन्युअल रुबिकॉनला ३५ इंची टायरवर ४.५६ पुरतं. खरा दोष त्या ऑटोमॅटिकचा, तो काढून सहा गिअरचा मॅन्युअल बसवायला सांगायला हवं होतं. आणि ऑटोमॅटिक ठेवायचाच असेल तर टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनचा जोर तेलातून गिअरबॉक्सला पोचवणारा भाग) टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, वाढवून देतोच, मग ॲक्सल उघडायचे कशाला?

आधी ५.१३ चं बोलू. तुमच्या मॅन्युअलचा सहावा गिअर ०.८४ चा आहे, म्हणजे गिअरबॉक्समधून बाहेर पडणाऱ्या एका फेरीला इंजिनच्या ०.८४ फेऱ्या. त्या ऑटोमॅटिकचा चौथा ०.६९ चा. आपला सगळा वाद या दोन आकड्यांत आहे. ताशी ७० मैलांना, ३५ इंची टायरवर, ४.५६ घातलेलं तुमचं इंजिन साधारण २,५७५ आरपीएमवर फिरतं. त्यांच्या ऑटोमॅटिकमध्ये ५.१३ बसवल्यावर त्याच वेगाला इंजिन २,३८० वर राहतं. म्हणजे ज्याला तुम्ही अतिरेक म्हणता त्या जोडणीत इंजिन तुमच्यापेक्षा जवळपास दोनशे फेऱ्या कमी फिरतंय. तुम्ही रोज ज्या आवाजात गाडी चालवता आणि ‘झकास’ म्हणता, त्याहून शांत. हेच ५.१३ तुमच्या मॅन्युअलमध्ये घातलं असतं तर ७० ला २,९०० च्या आसपास गेलं असतं, आणि मग मीच तुम्हाला नको म्हटलं असतं. ॲक्सल रेशो एकटा घेऊन तो मोठा की छोटा हे ठरवताच येत नाही. गिअरबॉक्सच्या शेवटच्या गिअरशी आणि टायरच्या उंचीशी गुणून मगच तो कळतो. तुमचं ४.५६ तुमच्या गिअरबॉक्सला बरोबर आहे. त्यांच्या गिअरबॉक्सला ते तोकडं पडतं.

तोकडं का, ते सांगतो. कंपनीने दिलेला टायर सुमारे ३२ इंची होता. ३५ म्हणजे नऊ टक्क्यांहून थोडं जास्त उंच, त्यामुळे ४.१० चा परिणाम ३.७५ इतकाच उरतो. ७० ला इंजिन २,०८० वरून १,९०० वर येतं. ४.५६ घातलं की पुन्हा २,११५, म्हणजे जिथे होतो तिथे परत. कागदावर हिशेब पूर्ण झाला. पण टायर नुसता उंच होत नाही, तो जडही होतो. ते वजन चाकाच्या कडेला असल्याने प्रत्येक वेळी वेग घेताना आणि ब्रेक मारताना जाणवतं. वर गाडी उचललेली, म्हणजे वारा जास्त अडणार. आणि कंपनीची मूळ जोडणीच त्या जड गाडीला, त्या इंजिनाला फार मोकळी नव्हती. मूळ जागी परत येणं पुरेसं नाही, थोडं पुढे जावं लागतं.

यात तुमचं ह्यूस्टन आणि त्यांचं डेन्व्हर हा फरक सगळ्यात मोठा आहे. ह्यूस्टन समुद्रसपाटीलगत, रस्ते सपाट. डेन्व्हर ५,२८० फुटांवर आणि तिथून पश्चिमेला आय-७० चढत चढत आयझेनहॉवर बोगद्यापाशी ११,००० फुटांच्या वर जातो, चढ काही ठिकाणी सात टक्क्यांपर्यंत. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांमागे साधारण तीन टक्के ताकद गमावतं. त्या ३.८ चे कागदावरचे २०२ हॉर्सपॉवर बोगद्यापाशी तिसऱ्या हिश्श्याने कमी होतात. आता त्या चढावर ताशी ६० ने जाणारी ही गाडी डोळ्यासमोर आणा. ४.१० वर ओव्हरड्राइव्हमध्ये, म्हणजे चौथ्यात, इंजिन १,६३० वर आहे, दबलंय. गिअरबॉक्स तिसरा टाकतो, तिथे २,३६०. या इंजिनाचा टॉर्क ४,००० ला शिगेला पोचतो, त्यामुळे तिसऱ्यातही जीव नाही. तो दुसरा टाकतो, आणि दुसरा १.५७ चा असल्याने एकदम ३,७०० वर उडी. गाडी ओढू लागते, चालकाला वाटतं आता बास, तो पाय सैल सोडतो, परत तिसरा, परत दबलं. चढ संपेपर्यंत हेच चालतं. ५.१३ असेल तर तिसऱ्यातच २,९५५ मिळतात आणि गाडी बहुतेक चढ तिसरा धरून काढते.

पेट्रोलबद्दलची तुमची शंका रास्त आहे, पण फेऱ्या कमी म्हणजे पेट्रोल कमी हे सपाट रस्त्यावर, हलक्या पायाने खरं. ज्या गाडीला ओव्हरड्राइव्ह धरवतच नाही तिचा ०.६९ कागदावरच राहतो. ती दिवसभर तिसऱ्यात धावते, ॲक्सलरेटर अर्ध्याहून जास्त दाबलेला, कन्व्हर्टरचं लॉकअप (त्याच्या दोन्ही बाजू न घसरता एकत्र जोडणारी कडी) सारखं सुटतंय. रेशो योग्य असेल तर चौथा प्रत्यक्षात वापरला जातो. म्हणून डोंगराळ भागात मोठ्या टायरच्या गाड्यांचं ॲव्हरेज नव्या क्राउन-पिनियनने बिघडत नाही, उलट बऱ्याचदा सुधारतं.

आता गिअरबॉक्स बदलण्याबद्दल. चार गिअरच्या त्या ऑटोमॅटिकमधल्या २.८४, १.५७, १.०० आणि ०.६९ या पायऱ्या लांब लांब आहेत हे तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. मॅन्युअलचा पहिला ४.४६ चा, मधल्या पायऱ्या जवळ. आज नवी-जुनी कुठलीच गाडी हाताशी नसलेला माणूस मला विचारेल आणि त्याला क्लच चालवायला आवडत असेल, तर मी त्याला मॅन्युअल जेकेच (या पिढीची रँग्लर) शोधायला सांगेन. पण हातातल्या ऑटोमॅटिक गाडीत मॅन्युअल बसवणं म्हणजे नुसता डबा बदलणं नव्हे. पेडल, क्लचचं हायड्रॉलिक, फ्लायव्हील, बेलहाउसिंग, वायरिंग, इंजिनचा कॉम्प्युटर, प्रोपेलर शाफ्ट जुळतात का ते तपासणं, सगळं आलं. आणि एवढं करून ॲक्सलमध्ये ४.१० च राहिलं तर ३५ चे टायर पहिल्या गिअरमध्ये हलवताना क्लच झिजणार. ह्यूस्टनकर, तुमच्याकडे सहा गिअर असूनही तुम्हाला ४.५६ घालावंसं वाटलंच ना? गिअरबॉक्स चांगला असूनही तुम्हाला ॲक्सल उघडावे लागले, यातच माझा मुद्दा आहे. मोठ्या टायरने बिघडवलेला हिशेब ॲक्सलपाशी दुरुस्त केला की वरचे सगळे गिअर, लो (खडकांसाठीची हळू, जास्त जोराची रेंज) आणि हाय (नेहमीची) दोन्हींत, एकदम जागेवर येतात.

कंपनीसुद्धा हेच करते. २०२१ मध्ये जीपने एक्स्ट्रीम रेकॉन नावाने रुबिकॉनवर कारखान्यातूनच ३५ इंची टायर द्यायला सुरुवात केली. त्या पिढीच्या ऑटोमॅटिकला आठ गिअर आहेत, पहिला ४.७१ चा आणि शेवटचा ०.६७ चा, मधल्या पायऱ्या जवळ जवळ. तरी टायर वाढवल्यावर त्यांनी ४.१० च्या जागी ४.५६ बसवलं. आठ गिअर असताना त्यांना ते लागलं, तर चार गिअरवाल्याला किती लागेल?

टॉर्क कन्व्हर्टरचा मुद्दा मात्र मला खोडायलाच हवा, कारण त्या समजुतीपायी चांगले गिअरबॉक्स जळालेले मी पाहिले आहेत. गाडी थांबलेली असताना आणि इंजिन जोर लावत असताना कन्व्हर्टर टॉर्क दुपटीच्या आसपास वाढवतो, हे खरं. पण दोन्ही बाजूंचा वेग जवळ येऊ लागला की ही वाढ ओसरते आणि लॉकअप झाल्यावर काहीच उरत नाही. शिवाय ती घसरून मिळालेली वाढ आहे. घसरण्यात वाया गेलेली सगळी शक्ती ऑटोमॅटिकच्या तेलात उष्णता म्हणून जाते. टायर उंच आणि रेशो तोकडा असेल तर गाडी हलायला वेळ लागतो, म्हणजे कन्व्हर्टर जास्त वेळ घसरत राहतो आणि तेल तापतं. मऊ वाळूत किंवा युटामधल्या मोआबच्या खडकांवर हळूहळू चढताना समोरून वाराही लागत नाही. तेलाचा रंग काळपट होऊन जळका वास आला की क्लच प्लेटा गेल्याच म्हणून समजा. मोठा कूलर लावा, जरूर लावा, पण त्याने उष्णता बाहेर जाते, ती तयार होणं थांबत नाही. ती कमी होते योग्य रेशोने.

आणि उतारावर कन्व्हर्टर काहीच वाढवत नाही. कोलोरॅडोत टेलुराइडकडे उतरणारा ब्लॅक बेअर पास तुम्हाला माहीत असेल, एकाच दिशेचा, पायऱ्यापायऱ्यांच्या खडकांचा. तिथे गाडी लो रेंजच्या पहिल्या गिअरमध्ये इंजिनवर धरावी लागते, ब्रेक फक्त गरजेपुरता. इंजिन ८०० आरपीएमवर धरलं तर तुमची मॅन्युअल रुबिकॉन ४.५६ आणि ३५ वर ताशी जेमतेम एक मैल वेगाने उतरते. त्यांची ऑटोमॅटिक ४.१० वर १.८ मैलांनी, ५.१३ वर १.४ मैलांनी, आणि कन्व्हर्टरमुळे पकड थोडी ढिली असते ती वेगळीच. उतारावर तुमची गाडी सरस आहे, यात वाद नाही. पण उरलेलं अंतर जितकं कमी करता येईल तितकं क्राउन-पिनियननेच होतं. चढावर खडकाशी टेकून थांबून पुन्हा निघायचं असेल तेव्हा ऑटोमॅटिक जास्त सोपा, क्लच जळण्याची भीती नाही. ज्याने त्याने आपला रस्ता पाहून निवडावं.

एक इशारा मूळ लेखात होता, इथे पुन्हा देतो. रेशो जितका वाढवाल तितका पिनियन बारीक होतो. ४.१० मध्ये पिनियनला १० दात आणि क्राउनला ४१, ५.१३ मध्ये पिनियनला ८ आणि क्राउनला ४१. रुबिकॉनला पुढे डाना ४४ हा दणकट ॲक्सल असल्याने ३५ वर मला त्याची काळजी नाही. साध्या जेकेला पुढे डाना ३० हा त्याहून हलका ॲक्सल असतो. त्यात ५.१३ बसतं, पण खडकांवर पाय जड असेल तर मी ४.८८ वर थांबेन. आणि पुढचा-मागचा रेशो एकच हवा, नाहीतर फोर-व्हील टाकताच सगळी यंत्रणा एकमेकींशी झगडते आणि काहीतरी तुटतं.

काम कोणाकडून करून घेता याला रेशोइतकंच महत्त्व आहे. चांगला मिस्त्री पिनियनखाली शिम (पातळ चकती) टाकतो, क्राउनच्या दातांवर पिवळी पेस्ट लावतो, हाताने फिरवतो आणि दातावर उमटलेला ठसा बघतो. ठसा दाताच्या मध्यावर हवा, टोकाला किंवा मुळाशी नको. मग डायल लावून बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) मोजतो, साधारण ०.००६ ते ०.०१० इंच. ठसा चुकला की पुन्हा सगळं खोलून दुसरा शिम. हे त्याला तीन-चारदा करावं लागलं तर चिडू नका, ते न करणाऱ्याची गाडी पुढे ५५ मैलांवर घुंई आवाज करते. नंतर पहिले पंधरा-वीस मिनिटं हलकी चालवून पूर्ण थंड होऊ द्यायची, पहिल्या ५०० मैलांत ट्रेलर ओढायचा नाही, आणि मग तेल बदलायचं. कॉम्प्युटरमध्ये नवा रेशो आणि टायरचा घेर घालायला विसरू नका. ऑटोमॅटिक कधी गिअर टाकतो ते त्यावर ठरतं, स्पीडोमीटर तर त्यावर आहेच.

महाराष्ट्रातल्या जिप्सीवाल्या वाचकांसाठी एक वेगळी वाट आहे. जिप्सीचं भावंड सॅमुराई इथे अमेरिकेत खडकांवर फार चालते, आणि तिचा ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणारा, लो-हाय निवडणारा डबा) गिअरबॉक्सपासून सुटा असतो. म्हणून तिचे लोक ॲक्सल न उघडता ट्रान्सफर केसमधले गिअर बदलतात. मूळचा २.२७ चा लो थेट ४.१६ वर जातो आणि हायही थोडा खाली येतो, म्हणजे मोठ्या टायरची भरपाईही तिथेच होते. मात्र भारतात मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि विमा, दोन्हींचा विचार टायर घेण्याआधी करा.

आता तुमचा शेवटचा प्रश्न : ३७ चे टायर घातले तर ४.५६ चालेल का? ह्यूस्टनला रोजच्या वापरात चालेल, ७० ला २,४३५ मिळतील. पण तुम्ही उन्हाळ्यात कोलोरॅडोला येणार असं लिहिलंय. त्यासाठी ४.८८ घ्या, ७० ला साधारण २,६०० होतील, म्हणजे आज ३५ वर जसं वाटतं तसंच. ५.१३ तुमच्या मॅन्युअलला ३७ वरही मी घालणार नाही, तुमचे बरेच मैल टेक्सासच्या सपाट रस्त्यावर जातात. त्याआधी पुढचे बॉल जॉइंट आणि ब्रेक तपासून घ्या, ३७ चं वजन पहिल्यांदा तिथे येतं. आणि रेशो मागवण्यापूर्वी टायर गाडीवर चढवून, नेहमीची हवा भरून, चाकाच्या मध्यापासून जमिनीपर्यंत टेप लावा आणि दुप्पट करा. वर ३७ छापलेला टायर गाडीच्या वजनाखाली बऱ्याचदा ३६ च्याही खाली भरतो. तुमचे आजचे ३५ सुद्धा याच पद्धतीने मोजा, म्हणजे दोन्हींची तुलना एकाच मापाने होईल. ते दोन आकडे मला कळवा, मी तुमचा हिशेब त्यावर पुन्हा करून देतो.