ताण कमी, पण फिलिंग कच्चं नको

दातात भरलेल्या कंपोझिटला (लाइटने घट्ट होणारं, दाताच्या रंगाचं फिलिंग) सुरुवातीला मंद आणि मग प्रखर लाइट दिला की फिलिंगमधला ताण घटतो, हे एका लेखातलं म्हणणं मला दंतवैद्य म्हणून पटलं. कंपोझिट घट्ट होताना साधारण २ ते ३ टक्के आकसतं आणि दाताला ओढ बसते, हाच तो ताण. सुरुवात हळू केली तर गोठण्याआधी त्याला जरा सरकायला वाव मिळतो. पण एकूण प्रकाशच कमी पडला, तर ताण घटतो तो फिलिंग कच्चं राहिल्यामुळे! हे ठळकपणे यायला हवं होतं. आमच्या दारव्हा (यवतमाळ जिल्हा) भागात खर्‍याने (सुपारी-तंबाखूच्या मिश्रणाने) झिजलेल्या दाढा घेऊन, रोजी पाडून पेशंट येतो. फिलिंग निघालं तर तो परत येईलच असं नाही. म्हणून मी २ मिलिमीटरचे थर आणि प्रत्येक थराला पूर्ण वेळ सोडत नाही. लाइटचं टोकही पुसून, दाताच्या अगदी जवळ धरा.