कान काही आळशी होत नसतात

परवा ताईने एक फॉरवर्ड पाठवला: 'पाचही इंद्रियांनी शिकवा, मूल हुशार करा'. सहा मुद्दे, प्रत्येकापुढे मेंदूचं चित्र, शेवटी 'प्रत्येक पालकापर्यंत पोहोचवा'. एरवी असले मेसेज मी उघडतही नाही. पण हा वाचून तिने भाच्याच्या दप्तरातले आवाज कमी करणारे हेडफोन काढून कपाटात ठेवले, म्हणून लिहितेय.

तर आधी तोच मुद्दा, चौथा. 'मूल कानांवर हात ठेवते ते नाटक असते. हेडफोनने कान आळशी होतात. गोंगाटात बसवा, आठवड्यात सवय होईल.'

ऑटिझमच्या (स्वमग्नतेच्या) निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या डीएसएम-५ या २०१३ च्या नियमावलीत आवाज, प्रकाश, स्पर्श यांचा नेहमीपेक्षा खूप जास्त किंवा खूप कमी त्रास जाणवणं हे एक लक्षण म्हणून नोंदलेलं आहे. नाटकं कोणी निदानाच्या निकषांत घालत नाही. खुर्ची फरशीवर कर्रकन ओढली की आपणही दात आवळतो, आणि पुढच्या क्षणी विसरतो. आवाजाचा असा त्रास होणाऱ्या मुलांना ते विसरता येत नाही. बाई पुढची तीन वाक्यं बोलून जातात, मूल अजून त्या कर्र आवाजातच असतं. त्याला जबरदस्तीने बसवलं तर ते एवढंच शिकतं की कान झाकले की मोठी माणसं रागावतात. मग ते हात खाली घेतं. मेसेजवाले म्हणणार, बघा, झाली सवय! आमच्याकडे झालेली सवय अशी: चार दिवस भाचा शाळेतून आला की थेट टेबलाखाली.

एक गोष्ट नाइलाजाने मान्य करते. दिवसभर कान बंद ठेवणंही बरं नाही. २००३ च्या एका प्रयोगात प्रौढांनी दोन आठवडे जवळपास चोवीस तास इअरप्लग घातले, तर त्यांना तेच आवाज आधीपेक्षा मोठे वाटू लागले. म्हणजे कान आळशी सोडाच, जास्तच तिखट झाले. म्हणून हेडफोन घंटेपुरते, मधल्या सुट्टीपुरते. सवय लावायचीच तर हळू आवाजापासून, मुलाला 'पुरे' म्हणता येईल अशी, ऑक्युपेशनल थेरपिस्टला (रोजची कामं जमावीत म्हणून मदत करणाऱ्या तज्ज्ञाला) विचारून. आणि मुलाचे कान सुधारण्याआधी वर्ग सुधारा की! जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्येच सांगितलंय की शिकवताना वर्गातला इतर आवाज ३५ डेसिबलच्या वर नको. खुर्च्यांच्या पायांना जुने टेनिसचे चेंडू चिरून बसवले तरी निम्मी कटकट मिटते.

'भिंती जितक्या रंगीत, तितका मेंदू जागा.' हे तर साफ उलटं आहे. कार्नेगी मेलन विद्यापीठात फिशर आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये बालवर्गातल्या २४ मुलांना कधी चित्रांनी भरलेल्या खोलीत, कधी मोकळ्या भिंतींच्या खोलीत विज्ञानाचे धडे दिले. भरलेल्या खोलीत मुलांचा ३८.६ टक्के वेळ भलतीकडे गेला, मोकळ्या खोलीत २८.४ टक्के. चाचणीत बरोबर उत्तरं अनुक्रमे ४२ आणि ५५ टक्के. मुलं थोडी होती, खोलीही प्रयोगशाळेतली होती, कबूल. तरी फळ्यामागची भिंत मोकळी ठेवायला काय जातं?

'वाचलेले १० टक्के, ऐकलेले २०, केलेले ९० टक्के लक्षात राहते.' हे आकडे अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ एडगर डेल यांच्या 'अनुभवांचा शंकू' या आकृतीवर कुणीतरी नंतर चिकटवलेत. १९४६ च्या मूळ शंकूत एकही टक्केवारी नाही.

'मूल दृश्य, श्राव्य की स्पर्शप्रकारचे ते ओळखा आणि तसेच शिकवा.' मानसशास्त्रज्ञ पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये याचे पुरावे तपासले. या पद्धतीला आधार देतील असे पुरेसे पुरावे मिळाले नाहीत.

बहुइंद्रिय शिक्षण खोटं नाही, एवढं मात्र खरं. माँटेसरींची खरकागदाची अक्षरं घ्या: बोट अक्षरावरून फिरतं, डोळे तेच बघतात, तोंडातून तोच उच्चार निघतो. तिन्ही एकाच अक्षरावर. फॉरवर्डात मात्र भिंत एक सांगते, गाणं दुसरं आणि सुगंध (हो, सहावा मुद्दा तोच!) तिसरं. वास सहन न होणाऱ्या मुलाने त्या वर्गात काय करायचं, नाक आळशी होऊ द्यायचं?

पाचवा मुद्दा वजनदार जॅकेटचा. तो मी सोडला, आधीच डोकं जड झालंय.

हेडफोन परत दप्तरात गेलेत. चेंडूंचं बाईंना कोण सांगणार, यावर ताईचं आणि माझं अजून एकमत झालेलं नाही.