पाव इंची पाना आणि 'तुझी गाडी परदेशी' हा वाद

परवा दुकानात दोन पोरांची जुंपली. साताऱ्यात आमचं स्पेअर पार्टचं दुकान आहे, आप्पा थकल्यापासून गेली काही वर्षं काउंटरवर मीच बसते. एक जण बुलेटची क्लच केबल घ्यायला आलेला, दुसरा यामाहाच्या आरएक्स हंड्रेडच्या पिस्टन रिंगा शोधत. बुलेटवाला म्हणाला, "आपली गाडी देशी आहे, तुझी जपानी." दुसऱ्यानं अॅव्हरेज काढलं, पिकअप काढला, मग आवाज वाढले. पोरं निघून गेली, पण मला रात्री झोप लागेना. या विषयावर मी लहानपणापासून ऐकत, बघत आलेय, म्हणून लिहितेय. लांबेल, पण वाचा.

आप्पांच्या गॅरेजात पान्यांच्या दोन पेट्या होत्या. एक इंची पान्यांची, दुसरी मिलिमीटरची. मी सातवी-आठवीत असताना शाळा सुटली की तिथंच बसायची. आप्पा गाडीजवळ बसून मागं न बघता हात पुढं करायचे. "पाव इंची" म्हणाले की समोर बुलेट. "दहा-अकरा" म्हणाले की येझदी नाहीतर राजदूत. चुकून दुसऱ्या पेटीतला पाना दिला तर तो नटावर बसल्यासारखा वाटायचा, पण जोर लावला की सटकायचा आणि नटाचे कोपरे गोल व्हायचे. मग आप्पा ओरडायचे. कुठली गाडी कुठल्या देशातून आली, हे मला पुस्तकाच्या आधी या दोन पेट्यांनी शिकवलं.

बुलेटला इंची पाना लागायचा, कारण ती इंग्लंडातल्या रेडिचच्या रॉयल एन्फिल्ड कंपनीची. लष्कराला सीमेवरच्या गस्तीसाठी गाड्या हव्या होत्या, त्यातून मागणी झाली आणि १९५५ मध्ये मद्रासला एन्फिल्ड इंडिया उभी राहिली. सुरुवातीला सुटे भाग तिकडून यायचे, इथं जोडणी व्हायची. येझदी मूळची जावा, चेकोस्लोव्हाकियाची. जावा हे नावही यानेचेक आणि वाँडरर या दोन नावांची पहिली अक्षरं जोडून झालेलं. म्हैसूरला १९६१ पासून ती तयार व्हायला लागली. तिची किक मारून झाली की तोच दांडा आत दाबून पुढं फिरवायचा, की त्याचाच गिअर व्हायचा. पहिल्यांदा बघणारा माणूस थक्क होऊन बघत राहायचा. आणि आपल्या भागातल्या दूधवाल्यांची राजदूत, दोन्ही बाजूंना कॅन लटकवून पहाटे डेअरीकडं निघालेली, ती पोलंडच्या एसएचएल कंपनीची. म्हणजे गोठ्यापासून डेअरीपर्यंत रोज धावणारी गाडीही पोलंडची.

साताऱ्याचंच घ्या. आपल्या एमआयडीसीत महाराष्ट्र स्कूटर्सचा कारखाना होता, तिथं प्रिया स्कूटर तयार व्हायची. आमच्या आळीतले दोघे तिथं कामाला होते, अभिमानानं सांगायचे, "ही आम्ही बनवतो." खरंच बनवायचे. पण तिचा साचा इटलीच्या व्हेस्पाचा होता.

यात कमीपणा काय आहे? मला तरी काहीच वाटत नाही. जगात सगळ्यांनीच असं केलंय. जर्मनीत त्शोपाउ नावाचं एक छोटं गाव आहे. तिथं डीकेडब्ल्यू कंपनीची आरटी १२५ नावाची साधी टू-स्ट्रोक गाडी तयार व्हायची. महायुद्धात जर्मनी हरली आणि तिची ड्रॉइंगं जेत्यांनी वाटून घेतली. इंग्लंडात तिची बीएसए बँटम झाली, अमेरिकेत हार्लेनं तिच्यावरून १२५ काढली, रशियानं आपली काढली. आणि जपानात पियानो-ऑर्गन करणाऱ्या एका कंपनीनं १९५५ मध्ये तीच गाडी समोर ठेवून आपली पहिली मोटरसायकल केली, वायए-१. ती कंपनी म्हणजे यामाहा. तिच्या चिन्हातले तीन ट्यूनिंग फोर्क बघा, वाद्यांच्या धंद्यातलेच आहेत ते. त्याच वर्षी फुजी पर्वतावरच्या चढाच्या शर्यतीत या गाडीनं आपल्या गटात बाजी मारली.

त्याच गावानं जपानला आणखी एकदा दिलं, पण या वेळी ते चोरून गेलं. युद्धानंतर ते गाव पूर्व जर्मनीत गेलं आणि तिथल्या कारखान्यात एमझेड कंपनीच्या रेसिंगच्या गाड्या व्हायच्या. वाल्टर काडेन नावाच्या इंजिनिअरनं टू-स्ट्रोकच्या सायलेन्सरचा आकार असा बसवला, की धुराबरोबर बाहेर निसटणारं ताजं पेट्रोल-हवेचं मिश्रण धक्क्यानं परत सिलिंडरमध्ये ढकललं जाईल. एवढ्याशा इंजिनातून एवढी ताकद तोवर कुणी काढली नव्हती. १९६१ मध्ये त्यांचाच रायडर अर्न्स्ट डेगनर स्वीडनच्या शर्यतीच्या वेळी पळाला, बायकोपोरांना पूर्व जर्मनीतून बाहेर काढलं आणि सगळी विद्या घेऊन सुझुकीकडं गेला. पुढच्याच वर्षी सुझुकीच्या ५० सीसी गाडीवर तो जगज्जेता झाला. काडेनबद्दल मला फार वाईट वाटतं. आज आरएक्सचा सायलेन्सर मागायला पोरं येतात, तेव्हा तो फुगीर आकार हातात घेताना मला त्या माणसाची आठवण येते. त्याचं नाव यातल्या एकाही पोराला माहीत नसतं.

मग आपण आणि जपानी यांच्यात फरक कुठं पडला? त्यांनी ड्रॉइंग घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून ते सुधारायला बसले. होंडा १९५९ मध्ये आयल ऑफ मॅनच्या शर्यतीत उतरली, १९६१ मध्ये तिथं १२५ आणि २५० दोन्ही गट जिंकले, आणि १९६९ मध्ये चार सिलिंडरची सीबी ७५० आणून इंग्रज कंपन्यांची झोप उडवली. त्यांच्या शेजारी दुसरा कारखाना होता, तो पुढं जाईल ही धास्ती होती. आपल्याकडं परवाना होता. किती गाड्या करायच्या ते सरकार ठरवायचं, स्कूटरला वर्षानुवर्षं नंबर लावायला लागायचा, गिऱ्हाईक कुठं पळून जाणार नव्हतं. पोलंडात बंद पडलेली गाडी आपल्याकडं नव्वदच्या दशकातही धावत होती, जवळजवळ तशीच.

पण त्याच बंद दारामुळं बुलेट वाचली, हेही खरं. रेडिचच्या मूळ कंपनीनं १९७० मध्ये मान टाकली. मद्रासचा कारखाना चालूच राहिला आणि १९७७ पासून बुलेट उलटी इंग्लंडला जायला लागली. बुलेटवाल्या पोराला अभिमान धरायचाच असेल तर तो याचा धरावा. आईबाप गेल्यावर लेकरू आपण सांभाळलं.

ऐंशीच्या दशकात दार उघडलं. टीव्हीएसबरोबरची इंड-सुझुकी आणि हीरो होंडा १९८४ मध्ये आल्या, १९८५ मध्ये आरएक्स हंड्रेड, मग कावासाकी बजाज. आप्पांचं पहिलं गाऱ्हाणं स्क्रूंबद्दल होतं. जपानी फुलीचा स्क्रू आपल्या स्क्रू ड्रायव्हरनं फिरवला की फुली घासून जायची. पण एकदा इंजिन खोललं आणि ते बराच वेळ गप्प बसले. दोन झाकणं जिथं मिळतात तिथं बोट फिरवून म्हणाले, "बघ, नख अडकत नाही." त्या दिवसापासून कुठलीही नवी गाडी आली की त्यांचा एकच प्रश्न, "ड्रॉइंग कुणाचं?"

किर्लोस्करवाडी इथून लांब नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलींचं दुकान काढलं, पुढं विलायती लोखंडी नांगर बघून आपला नांगर ओतला. लोखंडानं जमिनीत विष उतरतं म्हणून शेतकरी हात लावेनात. माणूस हटला नाही, गिऱ्हाइकाचं ऐकून फाळ बदलत राहिला. १९१० मध्ये औंधच्या राजेसाहेबांनी दिलेल्या माळावर वाडी उभी राहिली. ही गोष्ट आपल्या मातीत घडली असताना मोटरसायकलीत आपण इतकी वर्षं का बसून राहिलो, याचा मला राग येतो.

२००१ मध्ये टीव्हीएसनं सुझुकीशी फारकत घेतली आणि स्वतःची व्हिक्टर काढली. त्याच वर्षी बजाजची पल्सर आली. आप्पांनी पल्सर भोवतीनं फिरून बघितली, टाकीवर कावासाकीचं नाव शोधलं, सापडलं नाही. त्या संध्याकाळी घरी येताना ते कंदी पेढे घेऊन आले होते.

आज इंग्लंडची नॉर्टन टीव्हीएसची आहे, बीएसएचं नाव महिंद्रांच्या घरात आहे. गेल्या महिन्यात एक पोरगा ट्रायम्फ चारशे घेऊन आरसा बसवायला आला. आप्पा आता थकलेत, पण दुकानात येऊन बसतात. उठून गाडीपाशी गेले, टाकीवरचं नाव एकेक अक्षर लावत वाचलं.

"विलायतेची ना रे?"

"नाही आजोबा, चाकणला बनते."

"ते झालं. ड्रॉइंग कुणाचं?"

पोरानं फोन काढून शोधलं. "इंग्लंडमधलं."

"बरं," म्हणाले आप्पा, आणि मिलिमीटरच्या पेटीतून बरोबर पाना काढून त्याच्या हातात दिला.